गाणे भरायचे कशानं? आधी मशीन वळखा, मग सॉफ्टवेअर

सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी अजून नीट लागायची आहे, म्हणून लोकांना चार दिवस उसंत मिळाली वाटतं, कारण या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं गाण्यांचीच आहेत. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, प्लेअरमध्ये गाणे भरायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं. अन् मला प्रत्येकाला उलटं विचारावं वाटतं का भाऊ, तुमच्याजवळ मशीन कोणती आहे? ते कोणीच लिहीत नाही. "काळा आहे, चपटा आहे" असं लिहितात. बाजारात बैल पाहायला गेलं तर माणूस आधी दात पाहतो, इथं नुसता रंग सांगून राहिले. असो. सहा पत्रं घेतली, लांब होती ती कापली.

"नमस्कार भाऊ. मी रिटायर मास्तर. पोराले पुण्याले नोकरी हाये, त्यानं त्याचा जुना आयपॉड मले देला, जाड्या अंगाचा, १६० जीबीचा, मांगून आरशावानी चमकते. त्यात सगळे त्याचेच इंग्रजी गाणे, मले त्यातलं एकबी कळत नाही. मी तो काम्प्युटरले लावला, ड्राईव्ह दिसला, माह्यावाले भजनं कॉपी-पेस्ट केले, जागाबी भरली, पण आयपॉडच्या यादीत एकबी भजन दिसत नाही. दुकानदार म्हणते सॉफ्टवेअर लागते. नेटवर पाह्यलं तं पन्नास निघाले, काही हजार-दोन हजार मागतेत. कोणतं घेऊ?" — एक वाचक, दारव्हा तालुका

गुरुजी, तुमची चूक काहीच नाही, आयपॉडचा स्वभावच तसा आहे. तुम्ही जन्मभर हजेरी घेतली म्हणून तसंच सांगतो. पोरगं वर्गात येऊन बसलं, दप्तर आणलं, पाटी आणली, पण हजेरीपटावर त्याचं नावच नाही तर तुम्ही त्याला पुकारणार कसे? आयपॉडच्या पोटात अशीच एक यादी असते, डेटाबेस म्हणतात तिला, अन् त्या यादीत ज्याचं नाव चढलं तेवढंच गाणं तो वाजवतो. तुमची भजनं वर्गात बसून आहेत, जागा खाऊन राहिली, पण पटावर नाहीत. पटावर नाव चढवायचं काम आयट्यून्स नावाचं अ‍ॅपल कंपनीचं सॉफ्टवेअर करतं, आयपॉडही त्याच कंपनीचा.

काहून असं, तर आयपॉड आला २००१ च्या ऑक्टोबरात अन् तेव्हा तो फक्त अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरला चालायचा, विंडोजवाल्यांसाठी आयट्यून्स यायला २००३ चा ऑक्टोबर उजाडला, अन् कंपनीचा हिशोब सरळ होता का गाणे विकणार आम्ही, सांभाळणार आम्ही, भरणारही आम्हीच. आता तर आयपॉड बनवणंच २०२२ मध्ये बंद झालं, तुमचा हार्डडिस्कवाला क्लासिक २०१४ लाच बाजारातून गेला. पण मशीन दणकट असते, फेकू नका.

तर पैसे कोणालाच देऊ नका. आयट्यून्स फुकट आहे, अ‍ॅपलच्या साईटवरून नाही तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, दुसऱ्या कोणत्या साईटवरून घेऊ नका. कॉम्प्युटर जुना विंडोज ७ वाला असेल तर त्याचं जुनं व्हर्जन लागेल, तेही अ‍ॅपलच्याच साईटवर मिळतं. नवीन कॉम्प्युटरवर अ‍ॅपलचे दोन वेगळे अ‍ॅपही मिळतात, एक गाणे ऐकायचं अन् एक डिव्हाईस जोडायचं, पण तुम्ही त्या फंदात पडू नका, कारण ते टाकले का आयट्यून्सचं अर्धं काम ते ओढून नेतात अन् मग माणूस शोधत बसतो का बटन गेलं कुठं.

आता खरी भीती कुठं आहे ते ऐका. आयट्यून्सला एक आयपॉड एकाच घरचा लागतो. तुमच्या पोराच्या कॉम्प्युटरशी त्याची जोडी होती, तुमच्या कॉम्प्युटरवर तो परका. सिंक करायला, म्हणजे दोन्हीकडचे गाणे जुळवायला, गेलात का पडद्यावर विचारणा येते, "इरेज अँड सिंक" करायचं का, म्हणजे आतलं सगळं पुसून तुमच्याकडचं भरायचं का. माणूस इंग्रजी वाचून कंटाळलेला असतो, ओके दाबतो अन् गेलं सगळं. मी स्वतः हे पाप केलं आहे. माझं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट, एका बाईंचा आयपॉड आला, दोनच गाणे टाकायचे होते, मी मोठ्या तोऱ्यात जोडला अन् दाबलं ओके. त्यांच्या वडिलांच्या आवाजातल्या काही रेकॉर्डिंगही त्यात होत्या हे त्यांनी नंतर सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, नुसतं "असू द्या" म्हणाल्या अन् निघून गेल्या, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी आधी कॉपी काढतो, मग बाकीचं.

कॉपी काढायची कशी? आयट्यून्स आयपॉडमधून उलटे गाणे कॉम्प्युटरवर घेऊ देत नाही, त्यांच्या दुकानातून विकत घेतलेले सोडले तर. पण तुमचा आयपॉड ड्राईव्ह म्हणून दिसतो ना, मग फोल्डरच्या "व्ह्यू" मध्ये जाऊन "हिडन आयटम्स" वर टिक करा. आयपॉड कंट्रोल नावाचं लपलेलं फोल्डर दिसेल, त्यात म्युझिक, त्यात एफ झिरो झिरो, एफ झिरो वन अशी फोल्डरं, अन् त्यात चार-चार अक्षरांच्या काहीही नावाच्या फाईली. घाबरू नका, नाव बाहेरून बिघडलेलं असते, आत फाईलमध्ये गाण्याचं अन् गायकाचं खरं नाव लिहिलेलं राहते. पूर्ण म्युझिक फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर ठेवा, झालं बॅकअप.

पण गुरुजी, त्याच्याही आधी पोराला एक फोन करा. त्याला त्याचे गाणे पाहिजेत का नाही ते विचारा. नको म्हणला तर एवढी उठाठेव कशाला, आयट्यून्समध्ये "रिस्टोर" दाबा, आयपॉड कोरा करा, मग त्याच्या सेटिंगच्या पानावर "मॅन्युअली मॅनेज म्युझिक" वर टिक करा म्हणजे तो आपल्या मनानं काही पुसणार नाही, अन् भजनं ओढून टाका. भजनं डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या प्रकारची असतील (जुन्या विंडोजवर सीडीवरून काढलेली पुष्कळदा तशीच असतात) तर आयट्यून्स स्वतःच बदलून घेतं, कारण आयपॉडला डब्ल्यूएमए कळत नाही.

आयट्यून्स जड आहे, जुन्या कॉम्प्युटरवर बैलगाडीसारखं चालते, हे मान्य. हलकं पाहिजे असेल तर फूबार२००० नावाचा फुकट प्लेअर आहे, त्यात आयपॉडसाठीचा जोड वेगळा बसवावा लागतो. मीडियामंकीही आयपॉडला गाणे भरते, फुकटवाल्यावर काम भागते. अन् रॉकबॉक्स म्हणून एक वेगळाच प्रकार आहे, तो आयपॉडची मूळ सिस्टिम बाजूला ठेवून आपली सिस्टिम चालवतो, मग कॉपी-पेस्ट केलेलंही वाजते, हजेरीपटाची कटकटच नाही. पण ते नातवानं करायचं काम आहे, तुम्ही त्याच्या शेजारी बसून पाहा. अन् ज्या वाचकांचा आयपॉड अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर वापरलेला असेल त्यांना विंडोजवर लावल्याबरोबर "फॉरमॅट करायचं का" असं विचारलं जाईल. नाही म्हणा! आतलं सगळं शाबूत असते, फक्त विंडोजला ती लिपी वाचता येत नाही.

"आमचं भजन मंडळ हाये, खंजिरीवालं. सांजच्या सामुदायिक प्रार्थनेच्या आधी अन् गावात कार्यक्रम असला का लावाले एक छोटा एमपीथ्री प्लेअर घेतला, त्यात २ जीबीचं जुनं कार्ड. तीन तरास हायेत. एक, भजनं नंबरानं लावतो तरी तो आपल्याच मनानं वाजवते, आरतीच पयले येते. दोन, मराठीतले नाव टाकले तं पडद्यावर नुसते चौकोन चौकोन दिसतेत. तीन, शंभर भजनं झाले का फाईल बनत नाही म्हणते, अन् कार्ड अर्ध्याहून जास्त रिकामं. याच्यावर कोणतं सॉफ्टवेअर?" — मंडळाचे सेक्रेटरी, तिवसा तालुका

सेक्रेटरी साहेब, पत्र वाचून मजा आली, कारण तुम्ही विचारलं एक अन् दुखणे तीन वेगळे आहेत, अन् तीनपैकी एकालाही गाणे भरायचं सॉफ्टवेअर लागत नाही. तुमचा प्लेअर म्हणजे पेन ड्राईव्हला स्पीकर लावला तसा. कॉम्प्युटरला लावला का ई किंवा एफ असं अक्षर घेऊन दिसतो ना? मग कॉपी-पेस्ट हेच त्याचं सॉफ्टवेअर.

तिसऱ्या तरासापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात गमतीचा आहे अन् माझ्याकडं याच तक्रारीचे लोक कार्ड फेकायला घेऊन येतात. २ जीबीचं कार्ड फॅट१६ नावाच्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट असते. त्या पद्धतीत कार्ड उघडल्याबरोबर जे पहिलं पान दिसते त्याच्यावर फक्त ५१२ ओळी असतात, जास्त नाही. तुम्हाला वाटेल ५१२ भजनं बसली पाहिजेत. नाही! एक ओळ फाईलच्या लहान नावाला जाते अन् लांब नाव असलं का दर १३ अक्षरांमागं अजून एक एक ओळ. तुम्ही नावं ठेवली असतील "मंडळाचे भजन क्रमांक अमुक, गायक अमुक, पेटी अमुक", चाळीस-पंचेचाळीस अक्षरं, अन् मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे एका भजनाला पाच ओळी. ५१२ ला पाचानं भागा, शंभरच्या वर दोन. जमलं का गणित? कार्डात एक फोल्डर बनवा, त्यात भरा, कारण फोल्डराच्या आत हे बंधन नाही. १२८ केबीपीएसच्या क्वालिटीला एका मिनिटाला साधारण १ एमबी लागते, पाच मिनिटांचं भजन धरलं तर २ जीबीत चारशेच्या जवळपास मावतात.

आता क्रम. हे स्वस्त प्लेअर नाव वाचून क्रम लावत नाहीत, कार्डात कोणती फाईल आधी येऊन बसली ते पाहतात. पंगतीत जो पहिले बसला त्याला पहिले वाढायचं, मग तो पाहुणा असो का घरचा. म्हणून कार्ड रिकामं करायचं अन् क्रमानं भरायचं. सगळ्या फाईली एकदम निवडून ओढता तेव्हा पुष्कळदा तुम्ही जिला माऊसनं पकडून ओढली ती आधी जाते, तुमची आरती अशीच पुढं पळाली असेल. पहिल्या नंबरवरच माऊस ठेवून ओढत जा. तरी नाही जमलं तर ड्राईव्हसॉर्ट नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्डातल्या फाईली परत कॉपी न करता नुसता बसायचा क्रम बदलून देतं. काही प्लेअर नाव पाहूनच लावतात, पण त्यांना १ नंतर १०, मग ११, अन् २ मागं पडलेला, असं होते, म्हणून ०१, ०२ असं लिहा, शंभराच्या वर भजनं असतील तर ००१ पासून.

चौकोनाचं दुखणं सॉफ्टवेअरनं जाणारं नाही. प्लेअरमध्ये मराठी अक्षरांचा छापच नाही तर तो दाखवणार काय. इंग्रजी अक्षरांत मराठी नाव लिहा, आपण व्हाट्सअ‍ॅपवर लिहितो तसं. एवढं करूनही नाव बदललेलं दिसलं नाही तर समजा का प्लेअर फाईलचं नाव पाहत नाही, आतला टॅग पाहतो, म्हणजे फाईलच्या पोटात लिहिलेलं गाण्याचं अन् गायकाचं नाव. डाऊनलोड केलेल्या भजनांच्या टॅगात तर त्या साईटचीच जाहिरात लिहिलेली असते, तुमच्या देवाच्या नावाच्या जागी डॉट कॉम फिरत राहते! त्यासाठी एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर घ्या, विंडोजवर फुकट आहे. फाईलच्या नावावरून शंभर भजनांचे टॅग एकदम भरते, नंबरही टाकते. त्याच्या ऑप्शनमध्ये टॅगचं व्हर्जन २.३ ठेवा, २.४ जुन्या प्लेअरला पचत नाही. मला विचाराल तर या कामात हेच एक सॉफ्टवेअर शिकण्यासारखं आहे, बाकी भरायचं काम तर दहा वर्षांचं पोट्टंही करते.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं का मंडळाच्या जुन्या म्हाताऱ्यांच्या आवाजातल्या कॅसेटी पडून आहेत. त्या आधी काढा हो, बाकीचं नंतर. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाईन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकाला, लावायची, ऑडेसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालू करायचं अन् कॅसेट वाजू द्यायची. जेवढ्या वेळाची कॅसेट तेवढाच वेळ लागते, घाई होत नाही. लॅपटॉपला एकच भोक असेल तर ते हेडफोन अन् माईकचं मिळून असते, आवाज फाटतो, त्याला लाईन-इनवालं यूएसबी साऊंड कार्ड लावा. नुसता आवाज अन् खंजिरी आहे, एमपीथ्री बनवताना ६४ केबीपीएसचा मोनो, म्हणजे एकेरी आवाज, ठेवला तरी चालते, अर्धी जागा लागते. पण मूळ मोठी फाईल कॉम्प्युटरवर राहू द्या, ती पुसू नका.

"आमच्याकडं काम्प्युटर नाही. मालक रात्री ओलिताले जातेत, लाईन रात्रीचीच राहते. वावरात एकटा माणूस, म्हणून त्यायले पेन ड्राईव्ह लागते असा डब्बा स्पीकर घेऊन देला. माह्या मोबाईलमधले गाणे त्या पेन ड्राईव्हमध्ये कसे भरू, कोणतं अ‍ॅप लागते? दुकानात भरून देतेत पण तिथचे गाणे त्यायले आवडत नाही." — एक ताई, आर्वी तालुका

ताई, अ‍ॅप लागत नाही, एक तुकडा लागतो. ओटीजी म्हणतात त्याला, एका बाजूनं मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात जाते, दुसऱ्या बाजूनं पेन ड्राईव्ह. मोबाईलच्या दुकानात मागा, अन् मोबाईल सोबत न्या, कारण जुन्याचं भोक वेगळं अन् नव्या सी-टाईपचं वेगळं. लावला का मोबाईलच्या फाईल्समध्ये पेन ड्राईव्ह दिसेल, गाणे निवडून तिकडं कॉपी करा. काही मोबाईलमध्ये सेटिंगला जाऊन ओटीजी चालू करावं लागते.

अडचण पुढं आहे. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये "डाऊनलोड" केलेलं गाणं पेन ड्राईव्हवर जात नाही. गाण्यांच्या अ‍ॅपचंही तसंच, महिन्याचे पैसे भरून डाऊनलोड केलं तरी ते कुलूप लावून ठेवलेलं असते, त्याच अ‍ॅपमध्ये उघडते. लोक तासभर शोधतात का फाईल गेली कुठं, ती फाईल तुमची नसतेच. अन् व्हाट्सअ‍ॅपवर कोणी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेलं असते ते ओपस नावाच्या प्रकारात राहते, डब्बा स्पीकरला ते कळत नाही, त्याला एमपीथ्री पाहिजे. कॉम्प्युटर असलेल्या कोणाकडं व्हीएलसी प्लेअर असेल तर त्यात "कन्व्हर्ट" म्हणून आहे, त्यातून एमपीथ्री बनवून घ्या. मोबाईलवरही कन्व्हर्टर अ‍ॅप मिळतात पण जाहिराती इतक्या का गाणं राहते बाजूला.

पेन ड्राईव्ह ३२ जीबीपर्यंतचाच घ्या. ६४ अन् त्याच्या वरचे पुष्कळदा एक्सफॅट पद्धतीचे येतात, साध्या स्पीकरला फॅट३२ च कळते, मग नवाकोरा पेन ड्राईव्ह "खराब निघाला" म्हणून भांडण होते दुकानदाराशी.

जाता जाता, तुम्ही पत्रात रोही (नीलगाय) अन् रानडुकरांसाठी तोच स्पीकर रातभर वाजत ठेवायचं म्हटलं. ठेवा, पण रोज तोच आवाज त्याच जागी ठेवला तर डुकरं शहाणी होतात, चार-आठ दिवसांनी त्याच स्पीकरच्या बाजूला उभं राहून तूर खातात. आवाज बदलत राहा, जागा बदलत राहा. अन् मालकांना सांगा, मोटरीच्या पेटीजवळ गाणे हळू ठेवा, लाईन आली-गेली ते ऐकू आलं पाहिजे.

"ऑनलाईन एक टीबीचं मेमरी कार्ड चारशे रुपयाले भेटून राहिलं. सगळे गाणे एकातच मावतीन. घेऊ का?" — एक वाचक, पुसद

नका घेऊ. चारशे रुपयात एक टीबी कोणी देत नाही. अशा कार्डात आत खरी जागा ८-१६ जीबीची असते अन् कॉम्प्युटरला खोटं सांगितलेलं असते का मी एक टीबीचं आहे. पहिले गाणे नीट वाजतात, म्हणून माणूस फसतो, खरी जागा संपली का पुढचे गाणे जुन्यावर चढतात नाही तर हवेत जातात. घेऊन बसला असाल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहते अन् खरी जागा किती ते सांगते. परत करायची मुदत संपायच्या आत तपासा.

"सर, मी चंद्रपूरला होस्टेलवर असतो. माझ्याकडे काकांचा जुना सान्साचा क्लिप प्लेअर आहे. माझ्या लॅपटॉपवर लावला की ड्राईव्ह न दिसता नुसतं प्लेअरचं नाव दिसतं, आणि मित्राच्या लॅपटॉपवर वेगळेच गाणे दिसतात, अर्धे दिसतच नाहीत. गाणे कुठे जातात? आणि म्युझिकबी चांगलं का विंडोज मीडिया प्लेअर? कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स आहे, तिथं काय वापरू?" — एक विद्यार्थी

गाणे कुठंच जात नाहीत, तुझ्या प्लेअरला दोन दरवाजे आहेत. एकाचं नाव एमटीपी, त्यातून गेलं का कॉम्प्युटरला ड्राईव्ह दिसत नाही, नुसतं नाव दिसते. दुसरा एमएससी, त्यातून पेन ड्राईव्हसारखा दिसतो. सान्साच्या या प्लेअरमध्ये एका दरवाजानं आत टाकलेले गाणे दुसऱ्या दरवाजातून कॉम्प्युटरला दिसत नाहीत, प्लेअर मात्र दोन्ही वाजवतो. प्लेअरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो, तिथं "ऑटो" काढून एमएससी करून टाक अन् परत हात लावू नको. जुने गाणे पुसायचे असतील तर ज्या दरवाजानं टाकले त्याच दरवाजानं जाऊन पूस.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर गाणे दोन-तीनशे असतील तर कॉपी-पेस्ट. हजारावर असतील, प्लेलिस्ट बनवायच्या असतील, दर आठवड्याला अदलाबदल असेल तर म्युझिकबी. फुकट आहे, नवीन आलेलं तेवढंच भरते, अन् प्लेअरला न कळणाऱ्या प्रकारच्या फाईली भरता भरता बदलूनही देते. विंडोज मीडिया प्लेअरचं सिंक चांगलं चालायचं, पण विंडोज ११ मध्ये जो नवा मीडिया प्लेअर आहे त्यात सिंकच नाही, जुना "लेगसी" नावानं लपून बसला आहे. अन् त्याच्यानं सीडीवरून गाणे काढशील तर आधी सेटिंगमध्ये एमपीथ्री निवड, जुन्या व्हर्जनमध्ये तो न विचारता डब्ल्यूएमए बनवतो. लिनक्सवर रिदमबॉक्स पुरते, मोठा पसारा असेल तर स्ट्रॉबेरी.

आणखी एक, काकांच्या पिढीचा एखादा जुना सोनीचा वॉकमन हाती लागला तर २००७ च्या आधीचा आहे का ते पाहा. तेव्हाच्या पुष्कळ मॉडेलांना सॉनिकस्टेज नावाचं कंपनीचंच सॉफ्टवेअर लागायचं, नुसतं कॉपी केलेलं गाणं वाजायचं नाही, अन् ते सॉफ्टवेअर कंपनीनं कधीचंच सोडून दिलं. त्यानंतरच्या पुष्कळांना कॉपी-पेस्ट चालते. असा जुना कोणी फुकट देत असेल तर घे, विकत घेऊ नको.

"प्लेअर काम्प्युटरले लावला का चार्ज होते, पण दिसत काहीच नाही. ड्रायव्हर टाकला, विंडोज नवीन टाकली, तिघा जणायले दाखवला, तीनशे रुपये गेले. आता कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" — एक वाचक, समुद्रपूर तालुका

केबल बदला. तुमच्याजवळची केबल कोणत्या तरी टॉर्चसोबत किंवा ट्रिमरसोबत आलेली असेल, तिच्यात करंटच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन तारा टाकलेल्याच नसतात. शेजाऱ्याच्या मोबाईलसोबत आलेली डबा-पॅक केबल पाच मिनिटं मागून आणा अन् लावून पाहा. भोक वेगळं असेल तर दुकानात जाऊन "डेटावाली द्या" म्हणा, अन् पैसे द्यायच्या आधी तिथंच त्यांच्या कॉम्प्युटरला लावून प्लेअर दिसतो का ते पाहून घ्या.